एक्कावन्नावी थैली

स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे पाच-दहा कापडी थैल्या घेऊन गेलं, तर उत्तर ठरलेलं असतं : "पन्नासच्या खाली परवडत नाही न, ताई." त्याचंही खरं आहे. चार रंगांचं चित्र म्हणजे चार स्क्रीन. प्रत्येक स्क्रीनवर इमल्शन ओढायचं, अंधारात वाळवायचं, फिल्म ठेवून उजेड द्यायचा, पाण्याने धुऊन चित्र मोकळं करायचं, मग चारही रंग एकावर एक जागच्या जागी बसतात का ते टाकाऊ कापडावर पाहायचं. एवढी उस्तवार पाच थैल्यांना तेवढीच आणि पाचशेंना तेवढीच. म्हणून पन्नास.

गंमत अशी, की आपल्या कायद्यालाही नेमके पन्नासच आवडतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १५, पोटकलम २. एखाद्या डिझाइनची डिझाइन कायद्याखाली नोंदणी करता आली असती, पण ती केली नाही, आणि ते डिझाइन लावलेली वस्तू मालकाने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कोणी औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा काढली, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. संपतो म्हणजे संपतो. कमी होत नाही, लांबणीवर पडत नाही. पन्नासाव्या थैलीपर्यंत जे चित्र चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं त्याचं होतं, ते एक्कावन्नाव्या थैलीसोबत रस्त्यावर येतं.

मोठ्या कंपनीने एकट्यादुकट्या कलाकाराचं काम उचललं अशी बातमी आली, की सगळा राग कंपनीवर निघतो. निघायलाच हवा. पण यातली बरीच प्रकरणं कंपनीने चित्र पाहण्याच्या कितीतरी आधी, छापखान्यातच, हरलेली असतात. आणि ती हरते कोण? जिचा माल खपला ती. जिच्या दहाच थैल्या गेल्या, तिचा हक्क शाबूत. जिच्या दोनशे गेल्या, ती उघड्यावर. आणि कंपनी उचलणार ते खपलेलंच चित्र.

उदाहरण म्हणून एक थैली डोळ्यांसमोर ठेवू. समजा, नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या एका चित्रकार मुलीने तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी काढला. चाकांवरचा बैल, पाठीवर झूल, झुलीवर बारीक चौकड्या, गळ्यात घुंगरमाळ. काळ्या शाईच्या पेनाने कागदावर काढलेलं चित्र, स्कॅन करून चार रंगांत वेगळं केलेलं, थैलीवर १२ इंच रुंद छापलेलं. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा मेळा लागतो तिथे थोड्या गेल्या, बाकीच्या इन्स्टाग्रामवर. आणि वर्षभराने तसाच बैल एका साखळी दुकानाच्या कुशनकव्हरवर दिसला.

तो तिथे पोचला कसा? आपल्याला वाटतं, काचेच्या केबिनीत बसून कोणीतरी ठरवून चोरी केली. तसं क्वचितच होतं. मोसमाला शेकडो प्रिंट लागतात आणि डिझाइनवाले चारच असतात. मग पिंटरेस्टवरून, इन्स्टाग्रामवरून चित्रं गोळा करून 'मूड बोर्ड' तयार होतो. त्यात चित्राखालचं नाव पहिल्याच कापाकापीत गळतं. बोर्ड जातो पुरवठादाराकडे, सोबत एक ओळ : असंच काहीतरी द्या, थोडं बदलून. पुरवठादाराकडे महिन्याच्या पगारावर बसलेला कॉम्प्युटर ऑपरेटर स्क्रीनशॉट उघडतो, 'इमेज ट्रेस' मारतो (म्हणजे सॉफ्टवेअरकडून चित्र आपोआप गिरवून घेतो), रंग बदलतो, बैल उजवीकडचा डावीकडे करतो आणि संध्याकाळच्या आत फाइल पाठवतो. उद्या नोटीस आलीच, तर कंपनी पुरवठादाराकडे बोट दाखवते आणि करारातलं भरपाईचं कलम काढते. चोरी सगळ्यांनी मिळून केलेली असते आणि चोर कोणीच नसतो.

या साखळीत एक समजूत हमखास ऐकू येते, की तीस टक्के बदल केला तर ते आपलं. कोणी वीस म्हणतं, कोणी चाळीस. असा कोणताही टक्का कायद्यात नाही. १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली कसोटी साधी आहे : दोन्ही कामं पाहणाऱ्या माणसाच्या मनावर, दुसरं हे पहिल्याचीच नक्कल आहे, असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का. रंग बदलून, आरसा फिरवून तो ठसा पुसला जात नाही.

आता चित्राकडे जवळून पाहू, कारण नक्कल स्वतःच साक्ष देते. इन्स्टाग्रामवर चित्र साधारण १०८० पिक्सेल रुंदीचं राहतं. बैल १२ इंच, म्हणजे जवळपास ३०५ मिलिमीटर. हिशोब केला तर एका मिलिमीटरला साडेतीन पिक्सेल. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे मूळ फाइल ३६०० पिक्सेलची. झुलीवरच्या दोन चौकड्यांमधली फट कागदावर ०.३ मिलिमीटर असेल, तर पोस्टमध्ये ती एका पिक्सेलची झाली. त्यात जेपेगने आकार लहान करताना कडा आणखी मळवल्या. ट्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरला ती फट दिसतच नाही. ते दोन चौकड्यांचा एक ठोकळा करून टाकतं. शिंगाची टोकं बोथट होतात, बारीक रेघा एक तर नाहीशा होतात, नाही तर जाड होतात. म्हणून कुशनकव्हरावरच्या झुलीत जिथे जिथे चौकड्या चिकटल्या आहेत, नेमक्या तिथेच पोस्टमधलं चित्र मोठं करून पाहिल्यावर फटी बुजलेल्या दिसल्या, तर नक्कल कुठल्या फोटोवरून झाली इथपर्यंत बोट ठेवता येतं. 'मलाही स्वतंत्रपणे असाच बैल सुचला' म्हणणाऱ्याला त्या गुठळ्यांचा खुलासा देता येत नाही.

दुसरा पुरावा चुकांचा. हाताने काढलेल्या घुंगरमाळेत एका बाजूला अकरा घुंगरं आली आणि दुसऱ्या बाजूला दहा. डाव्या पुढच्या चाकाची एक आरी जरा तिरकी गेली. अशा चुका दोन माणसांच्या हातून एकाच जागी होत नसतात. नकाशे छापणारे पूर्वी मुद्दाम एखादी नसलेली गल्ली घालून ठेवत, नक्कल करणारा सापडावा म्हणून. चित्रातही तशी एखादी खूण पेरून ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त ती कुठे पेरली ते कागदावर तारखेसह लिहून ठेवावं. ताडून पाहायची रीत अशी : दोन्ही चित्रं फोटोशॉपमध्ये वेगवेगळ्या लेयरवर घ्यायची, नकलेचा आरसा उलटा फिरवायचा, माप जुळवायचं (नक्कल करताना चित्र बहुधा आडवं-उभं थोडं ताणलेलं असतं, तेही सरळ करायचं), आणि वरच्या लेयरला 'डिफरन्स' मोड द्यायचा. जे तंतोतंत जुळतं ते काळं पडतं, जे वेगळं ते उजळ दिसतं. रंग बदललेले असतील तर आधी दोन्ही चित्रं निव्वळ काळी-पांढरी करून घ्यायची. या छाप्याइतका बोलका कागद वकिलाच्या फायलीत दुसरा नसतो.

एवढं सगळं हातात असताना मुलगी खटला हरू शकते. कारण पहिल्या सुनावणीला समोरून एकच प्रश्न येईल : किती थैल्या छापल्या? आणि इथे एक क्रूर विनोद आहे. चित्र आपण आधी काढलं हे सिद्ध करायला सगळ्यात पक्का कागद म्हणजे छापखान्याचं बिल. त्यावर तारीख असते. त्याच बिलावर नगही असतात. २००.

२०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात फॅशन डिझायनर रितू कुमार यांच्या रितिका कंपनीचा बिबा कंपनीविरुद्धचा दावा याच कलमावर आपटला. पन्नासहून जास्त कपडे निघाले होते, डिझाइन कायद्याखाली नोंद नव्हती, विषय संपला. त्याआधी २००८ मध्ये त्याच न्यायालयात तहिलियानी डिझाइन कंपनीचा हक्क टिकला होता, कारण तिथे पन्नासाचा आकडा ओलांडलेला नव्हता. काम दोन्हीकडे कसदारच होतं. फरक मोजणीचा.

'पण आमचं काम हाताचं आहे, औद्योगिक कुठे?' हा प्रश्न ठशाने कापड छापणारे हमखास विचारतात. डिझाइन कायदा २००० मध्ये डिझाइनची व्याख्याच अशी आहे, की प्रक्रिया हाताची असो, यंत्राची असो की रासायनिक, सगळ्या आत येतात. त्यामुळे लाकडी ठसा हा बचाव म्हणून भरवशाचा नाही. थोडा दिलासा एकाच गोष्टीचा. पन्नास मोजायचे ते मालकाचे आणि त्याच्या परवानगीने काढलेले. कंपनीने चोरून पन्नास हजार कुशनकव्हरं काढली, म्हणून तुमचा हक्क जात नाही.

मूळ कागदावरच्या चित्राचं काय, हा प्रश्न बारीक आहे. मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने (२००९, खंडपीठ) साधारण असा भेद केला, की चित्र म्हणून काढलेलं चित्र चित्र म्हणून सुरक्षित राहतं, पण कापडावर यायचं म्हणूनच जे आखलं त्याला डिझाइनच धरायचं. एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यासाठी दोन पायऱ्यांची कसोटी दिली. आधी बघायचं, की हे मुळात स्वतंत्र कलाकृती आहे, की तिच्यापासून निघून औद्योगिक प्रक्रियेतून गेलेलं डिझाइन. तिथे कलाकृती म्हणून टिकलं नाही, तर त्याचा मुख्य उपयोग पाहायचा : काम भागवण्याचा की सौंदर्याचा. म्हणून मूळ चित्र कागदावर पूर्ण करून सही-तारखेसह जपून ठेवणं, जमल्यास ते चित्र म्हणून कुठे तरी मांडणं (डिझाइनची नोंदणी करायची असेल, तर अर्जानंतरच), याला अर्थ आहे. पण त्यावर विसंबून राहणं म्हणजे निकाल लागेपर्यंत जीव टांगणीला लावणं.

मग तोडगा? दोन आहेत, आणि दोन्ही स्वस्त आहेत.

पहिला म्हणजे पन्नासावर थांबणं. छापचित्रकार पूर्वीपासून प्रतीच्या कोपऱ्यात १/५०, २/५० असं पेन्सिलीने लिहीत आले आहेत. कायदा 'पन्नासपेक्षा जास्त' म्हणतो, त्यामुळे पन्नासावी प्रत चालते. थैलीच्या आतल्या शिवणीत नंबराची कापडी पट्टी लावली तर गिऱ्हाइकालाही आवडतं आणि मोजणीचा पुरावाही तयार होतो. मात्र ३० थैल्या आणि ३० कुशनकव्हरं म्हणजे दोन वेगळे हिशोब, असं स्वतःच्या सोयीने धरू नये. चित्र एकच असेल तर बेरीज करूनच चालावं.

दुसरा म्हणजे डिझाइनची नोंदणी. अर्ज क्रमांक १, सरकारी शुल्क व्यक्तीसाठी १००० रुपये, एका वर्गाला एक अर्ज. कापडाचे थान वर्ग ५ मध्ये, कपडे २ मध्ये, पृष्ठभागावरची नक्षी म्हणून वर्ग ३२ आहे. अर्जासोबत वस्तूची चित्रं द्यायची. थैलीसारख्या वस्तूची समोरून, मागून, बाजूंनी, वरून-खालून. त्यात एक वाक्य महत्त्वाचं असतं, नावीन्य कशात आहे ते सांगणारं. तिथे लोक वाहवत जातात. 'पारंपरिक लाकडी बैलाचं सुंदर चित्रण' असं लिहिलं, तर स्वतःच्या हाताने अर्ज पाडला. बैल पारंपरिक, मग नवीन काय? चित्रात दाखवल्याप्रमाणे पृष्ठभागावरच्या नक्षीत नावीन्य आहे, एवढंच कोरडं लिहायचं. तान्ह्या पोळ्याचा नंदी कोणाच्याच नावावर होणार नाही, आणि होऊही नये. तुमच्या नावावर होते ती तुमची मांडणी. नोंद मिळाली की १० वर्षं, वाढवून आणखी ५. कॉपीराइटच्या मानाने हे फारच थोडं आहे, पण थैलीवरच्या बैलाला पंधरा वर्षं पुष्कळ.

यात खड्डा एकच आहे आणि त्यात जवळपास सगळे पडतात. अर्ज करायच्या आधी ते डिझाइन भारतात किंवा बाहेर कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. इन्स्टाग्रामची पोस्ट म्हणजे प्रसिद्धी. मेळ्यातला स्टॉल म्हणजे प्रसिद्धी. केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडायचं असेल, तर डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकांना आधी कळवून पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायची सवलत कायद्यात आहे; पण प्रत्येक मेळा तसा नसतो, आणि आधी कळवायचं कोणाच्या ध्यानीमनी नसतं. म्हणजे नव्या चित्राचा फोटो टाकून पाचशे बदाम गोळा केले, मागणी आहे असं पाहिलं, आणि मग नोंदणीला गेलं, की ती नोंदणी पुढे रद्द करायला तीच पोस्ट पुरावा म्हणून पुढे येते. तारखेसकट, बदामांसकट.

भेटकार्डं, पोस्टकार्डं, कॅलेंडरं, पुस्तकांची वेष्टनं यांची गोष्ट निराळी. ती डिझाइन कायद्याच्या अर्थाने 'वस्तू' धरली जात नाहीत, तिथे नोंदणीच होत नाही, त्यामुळे पन्नासाची अटही लागत नाही. तोच बैल पोस्टकार्डावर पाच हजार वेळा छापा, कॉपीराइट शाबूत. थैलीवर एक्कावन्न वेळा छापला की गेला. यामागचं तर्कशास्त्र कायद्याच्या वर्गात नीट समजावतात. थैली हातात धरून समजावणं अवघड आहे.

समजावायला लागणारी जागा तशी आपल्याच गावात आहे. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये. पेटंटच्या माहितीचं केंद्र १९८० पासून इथेच. तिथून महालातली मूर्तिकारांची चितार ओळ ऑटोने काही मिनिटांवर. पण त्या रस्त्याने दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे फारशी जात नाहीत. याला दोष कोणाला द्यायचा? संस्थेचा अभ्यासक्रम इंग्रजीत, आणि मूर्तिकाराला गणपतीच्या आधीचे चार महिने जेवायला फुरसत नाही.

चितार ओळीवरून आठवलं. तिथे नक्कल ही शिवी नाही. एकाने फेट्याला नवा पीळ दिला, तर पुढल्या वर्षी तो पीळ चार दुकानांत दिसणारच. शिकायचंच मुळी तसं : कित्ता गिरवून. तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीत निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या रूपावर कोणी मालकी सांगितली, तर मिरवणुकीतल्या पोरांनी त्याचाच बडग्या, म्हणजे टिंगलीचा पुतळा, काढावा. मग कंपनीने केलं तर एवढं काय, असं विचारणारे भेटतात. फरक मला दिसतो तो असा. ओळीतली नक्कल बरोबरीच्या माणसाची असते. आज मी तुझा पीळ घेतला, उद्या तू माझा रंग घेशील, आणि पहिला पीळ कोणाचा ते अख्ख्या ओळीला माहीत असतं. कंपनीची नक्कल एकाच दिशेने वाहते. तिच्याकडून परत घेण्यासारखं काही नसतं, आणि तुम्ही तिच्या बोधचिन्हाचं साधं वळण जरी उचललं, तरी आठवड्यात नोटीस येते.

परंपरेचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो यात कालवू नये. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या तेव्हा आपल्याकडे गदारोळ झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. मग अडलं कुठे? मानांकन नाव राखतं, आकार नव्हे. प्राडाने 'कोल्हापुरी' हे नावच वापरलं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये जनहित याचिका फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः पुढे येऊ शकतात, असं म्हटलं. आपल्या विदर्भाच्या करवत काठी साडीलाही हेच लागू. टसरवर तीन धोट्यांनी विणलेले ते करवतीचे दाते कोणी पॉलिस्टरवर छापले आणि 'करवत काठी' म्हटलं नाही, तर मानांकन फारसं कामाला येत नाही. चपलेचा किंवा काठाचा कोणी एक निर्माता दाखवता येत नाही. थैलीवरच्या त्या अकरा-दहा घुंगरांच्या बैलाचा दाखवता येतो. म्हणून तिथे लढता येतं.

चोरी दिसल्यावर पहिल्या तासात लोक पोस्ट टाकतात. समजण्यासारखं आहे, पण क्रम उलटा होतो. आधी वस्तू विकत घ्यावी. ऑनलाइनही आणि दुकानातूनही, दोन्हीचं बिल घेऊन. टॅग कापू नये. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष सहसा त्यावरच सापडतं, आणि पुरवठादारापर्यंत पोचायची वाट तिथूनच निघते. पानाचे स्क्रीनशॉट पत्त्याच्या पट्टीसह, तारीख-वेळ दिसेल असे घ्यावेत. मूळ लेयरवाली फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नये. तिची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी अक्षर-आकड्यांची ओळखखूण, भरायची असते. फाइलमध्ये एक ठिपका हलला तरी हॅश बदलते. स्वतःच्याच पत्त्यावर टपालाने पाकीट पाठवून ते बंद ठेवायचा उपाय बरेच जण सुचवतात. त्याला कायद्यात वेगळं असं काही स्थान नाही. त्यापेक्षा ५०० रुपये भरून कलाकृती म्हणून कॉपीराइटची नोंद बरी (मालावर वापरायच्या चित्राला २००० रुपये आणि ट्रेडमार्ककडचा शोध-दाखला लागतो). कॉपीराइट नोंदणीशिवायही असतो, पण नोंदवहीतला उतारा न्यायालयात सकृद्दर्शनी पुरावा धरला जातो.

ऑनलाइन बाजारावरचा माल उतरवायचा, तर कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ आहे. तक्रारीत कामाचं वर्णन, मालकीचा पुरावा, नेमका दुवा आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी लिहायची. ३६ तासांत मजकूर उतरवला जातो. २१ दिवसांत आदेश आला नाही, तर तो परत चढू शकतो. म्हणजे हा उपाय श्वास घ्यायला वेळ देतो, त्यापुढे नाही.

दावा कुठे लावायचा यातही दोन कायद्यांचा स्वभाव वेगळा. कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ कलाकाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावू देतं. महालातल्या मुलीला नागपूर सोडायची गरज नाही. डिझाइन कायद्यात अशी सवलत नाही. तिथे प्रतिवादी जिथे आहे किंवा कारण जिथे घडलं तिथे जावं लागतं, आणि त्याने 'ही नोंदच रद्दबातल आहे' असा बचाव घेतला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. हा बचाव न घेणारा वकील अजून जन्माला यायचा आहे. भरपाईचीही तीच तऱ्हा : डिझाइन कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सरळ ठरावीक रक्कम मागायची, तर एका भंगाला जास्तीत जास्त २५,००० आणि एका डिझाइनपोटी सगळे मिळून ५०,००० रुपये. पुन्हा पन्नास! खरं नुकसान मागायचं तर मनाईहुकूम आणि भरपाईचा रीतसर दावा. व्यावसायिक न्यायालयात ३ लाखांच्या वर जायचं असेल, तर आधी मध्यस्थी करून यावं लागतं. तातडीचा मनाईहुकूम हवा असेल तरच ती पायरी टाळता येते.

एवढा खटाटोप पाहून वाटतं, की सरळ इन्स्टाग्रामवरच आरडाओरडा करावा. तोही हिशोब चुकीचा नाही. २०१८ मध्ये दिल्लीच्या पीपल ट्री या छोट्या दुकानाने, चित्रकार ओरिजित सेन यांनी केलेली योगासनांची ठशाची नक्षी डिओरच्या ड्रेसवर एका मासिकाच्या मुखपृष्ठावर पाहिली. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून ती लोकांसमोर मांडली, आणि पुढे तडजोड झाली. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्यूजडे बासेन या चित्रकर्तीने झाराला वकिलामार्फत विचारलं, तर आलेल्या उत्तराचा मथितार्थ असा होता, की तुझ्या चित्रांत वेगळेपणच पुरेसं नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या कोट्यवधी लोकांपुढे तुझ्या बाजूने बोलणारे मोजकेच. तिने ते पत्रच जगाला दाखवलं. लोकांचा दाब काम करतो. पण पोस्ट टाकताना 'चोर' हा शब्द टाळून दोन फोटो आणि दोन तारखा एवढंच टाकावं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० मध्ये बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध समोरच्यालाही दावा करता येतो, बदनामीचा वेगळाच.

स्पर्धांबद्दल दोन शब्द, कारण तिथे चोरी करावीच लागत नाही. 'बोधचिन्ह बनवा, बक्षीस मिळवा' अशा स्पर्धेच्या अटींत खाली कुठेतरी लिहिलेलं असतं, की आलेल्या सर्व प्रवेशिका आयोजकांच्या मालकीच्या होतील. जिंकलेली नव्हे, सर्व. बक्षीस एकाला, चित्रं तीनशे. कॉलेजातली पोरं हे न वाचता पाठवतात. नेहमीच्या कामातही, आधी स्वतःसाठी काढलेल्या चित्राची फाइल पाठवली आणि पैसे आले म्हणजे हक्क गेला असं नाही; हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं. एवढं माहीत असलं, तरी 'सगळे हक्क कायमचे' असं लिहून आणणाऱ्याला दर वाढवून मागता येतो.

तर त्या बैलाचं वेळापत्रक. तान्हा पोळा भाद्रपद प्रतिपदेला, म्हणजे बहुधा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात. चित्र मेमध्ये पूर्ण करायचं, सही-तारीख टाकून कागद कपाटात ठेवायचा. जूनमध्ये अर्ज. नोंद मिळाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे अर्जाची पावती हातात आल्यावर छापखाना गाठायचा आणि फोटो टाकायचे. दोनशे छापा, चारशे छापा. त्याआधी आई, मावशी आणि छापणारा सोडून कोणाला चित्र दाखवायचं नाही, आणि छापणाऱ्यालाही त्याच्या स्टेटसवर टाकू नको म्हणून दोनदा बजावायचं. त्या महिनाभरात काहीतरी पोस्ट करायची फारच हुक्की आली, तर मांजरीचा फोटो टाकावा.